रात्री माणूस दिसतो, चेहरा दिसत नाही: कॅमेऱ्याची नेमकी कुठली सेटिंग बदलायची?

ओसरी

नमस्कार मंडळी.

आईबाबांच्या घराच्या फाटकावर ४ मेगापिक्सेलचा बुलेट कॅमेरा आहे. नऊ दिवसांपूर्वी रात्री २ वाजून ३१ मिनिटांनी एक माणूस फाटकातून आत आला, भिंतीला टेकवलेली बाबांची सायकल उचलली आणि घेऊन गेला. ४० सेकंदांचं काम. ते ४० सेकंद पूर्ण रेकॉर्ड झालेत. माणूस येताना दिसतो, जाताना दिसतो, मध्ये एकदा तर थेट कॅमेऱ्याकडे बघतो. पण चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा गोळा. चालताना त्याच्यामागे त्याचीच पुसट सावली ओढली जाते. समोरच्या काकूंच्या कॅमेऱ्यातही शोधलं. अडीचच्या मागेपुढे पाच-पाच मिनिटं बघितली, पण रस्त्यावर कुणीच नाही.

बाबा तो तुकडा रोज एकदा तरी लावून बघतात. सायकलपेक्षा, ‘कॅमेरा असून काय उपयोग’ हे त्यांना जास्त लागलंय. म्हणून निदान पुढच्या वेळी तरी चेहरा दिसावा, एवढंच मला हवंय.

मी ब्राइटनेस ५० वरून ८० केला, कॉन्ट्रास्ट ७०, शार्पनेस ९०. चित्र आणखी बिघडलं. सगळं धुक्यातून बघितल्यासारखं दिसतंय. शिवाय संध्याकाळी कॅमेऱ्यातून ‘टक टक’ आवाज येतो आणि चित्र रंगीत, काळं-पांढरं, पुन्हा रंगीत असं होत राहतं. दिवसा वेगळीच तऱ्हा: फाटकापलीकडचा रस्ता छान स्वच्छ, पण फाटकात उभा असलेला माणूस काळाठिक्कर.

ज्यांनी हे स्वतः निस्तरलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

वाटसरू

कॅमेरा किती उंचीवर आहे? त्याच्या शेजारी पांढरी भिंत किंवा वर छज्जा आहे का? रात्रीचं एक चित्र टाकता आलं तर अंदाज बांधणं सोपं जाईल.

अबोली२२

वाचतेय. आमच्याकडेही अगदी हेच रडगाणं आहे.

निशाचर

ओसरीताई, मी बरीच वर्षं कॅमेरे बसवतोय, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी ते तिन्ही आकडे परत ५० वर आणा. ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, शार्पनेस म्हणजे चित्र तयार झाल्यावर त्याच्यावरून फिरवलेला हात. सेन्सरवर जो उजेड पडलाच नाही तो ब्राइटनेस वाढवून येत नाही, काळ्याचं राखाडी होतं एवढंच. तुम्हाला दिसणारं धुकं बहुधा तेच. आणि उजेडाने जळून पांढरा झालेला चेहरा कॉन्ट्रास्टने परत मिळत नाही, कारण त्यातले नाकडोळे नोंदलेच गेलेले नसतात. शार्पनेस ९० वर नेला की प्रत्येक कडेला पांढरी रेघ उमटते. लांबून चित्र टवटवीत वाटतं, पण चेहऱ्याची माहिती उलट कमी होते.

चित्र तयार होतानाच उजेडावर ताबा ठेवतात भिंगाचं छिद्र, शटर (एका चौकटीसाठी सेन्सर किती वेळ उजेड घेतो) आणि गेन (सेन्सरने टिपलेलं किती वाढवायचं). घरगुती कॅमेऱ्यात छिद्र बहुधा कायमचं ठरलेलं असतं, म्हणजे आपल्या हातात उरतात दोन.

‘आपोआप’वर ठेवलेला कॅमेरा अंधार पडला की शटर लांबवत नेतो. कित्येक कॅमेरे १/१२ सेकंदापर्यंत जातात. चालणारा माणूस सेकंदाला साधारण दीड मीटर जातो, म्हणजे १/१२ सेकंदात तो १२ सेंटिमीटर सरकला. आख्खा चेहरा जेमतेम १५ सेंटिमीटर रुंद! एका चौकटीत चेहरा जवळजवळ स्वतःच्या रुंदीइतका ओढला गेला तर काय ओळखणार? तुम्ही म्हणता ती ओढलेली सावली त्यातूनच येते. १/५० ला तो ३ सेंटिमीटर सरकतो, १/१०० ला दीड.

म्हणून एक्स्पोजर ‘मॅन्युअल’ किंवा ‘शटर प्रायॉरिटी’वर घ्या आणि रात्रीसाठी शटर १/५० ठेवा. काही कॅमेऱ्यांत ‘जास्तीत जास्त लांब शटर’ अशी मर्यादा घालता येते, तसं असेल तर उत्तमच. चित्र एकदम काळवंडेल, घाबरू नका. त्या जागी खरोखर किती कमी उजेड आहे ते तुम्हाला पहिल्यांदा कळेल.

दीपमाळ

निशाचर यांचं सगळं बरोबर आहे, पण सामान्य माणसाने कशाला एवढ्या खोलात शिरायचं? पांढऱ्या दिव्याचा, रात्रीही रंगीत चित्र देणारा कॅमेरा घ्या आणि मोकळे व्हा. त्यात एफ १.० चं भिंग असतं, म्हणजे नेहमीच्या एफ २.० च्या चौपट उजेड आत. आमच्या दारात दोन वर्षं आहे. शर्टाचा रंग, गाडीचा रंग, सगळं दिसतं.

खिडकीतून

दीपमाळ, तुमच्या दारात तो दिवा कुणाच्या खिडकीवर पडतो हेही बघा. आमच्या समोरच्यांनी असाच कॅमेरा बसवला आणि तो रात्रभर आमच्या झोपायच्या खोलीत उजेड टाकायचा. तीन महिने जाड पडदे लावून झोपलो. बोलायला गेलो तेव्हा कळलं की त्यांना याची कल्पनाच नव्हती. त्यांनी लगेच दिव्याचा जोर १०० वरून ३० वर आणला आणि हालचाल दिसली तरच पूर्ण पेटेल अशी सोय केली. दोघांचाही प्रश्न सुटला.

दीपमाळ

@खिडकीतून, हे मान्य. आमचा दिवा खाली जमिनीकडे वळवलेला आहे, तरी आज रात्री रस्त्यावर जाऊन बघतो.

तारयंत्र

मी अवरक्त (इन्फ्रारेड, आयआर) दिव्यांच्या बाजूने बोलतो. सगळ्यांनाच आपलं दार रात्रभर उजळलेलं नको असतं. अवरक्त दिवे दोन प्रकारचे मिळतात: ८५० नॅनोमीटर आणि ९४० नॅनोमीटर. ८५० चे दिवे अंधारात मंद लाल ठिपक्यांसारखे दिसतात, ९४० चे डोळ्यांना दिसत नाहीत. पण ९४० ला सेन्सर बराच कमी संवेदनशील असतो, त्यामुळे तेवढ्याच विजेत पल्ला कमी पडतो. लपवायचं काही नसेल तर ८५० बरे.

आणि ती ‘टक टक’! भिंगामागे अवरक्त किरण अडवणारी एक छोटी काच असते. दिवसा ती सेन्सरसमोर असते म्हणून रंग खरे दिसतात. रात्री एक बारीकशी यंत्रणा ती बाजूला सरकवते, तोच आवाज. पुन्हा पुन्हा होतोय त्याचं कारण साधं आहे. अंधार पडला, काच सरकली, दिवे लागले, त्यांचा उजेड जवळच्या कशावर तरी आपटून परत आला, कॅमेऱ्याला वाटलं उजाडलं. काच परत, दिवे बंद, पुन्हा अंधार. ‘डे-नाइट’मध्ये संवेदनशीलता आणि विलंब असे दोन आकडे असतात, विलंब वाढवून बघा. किंवा सरळ वेळापत्रकावर टाका. पण दोन्ही उपाय वरवरचे. उजेड कशावर आपटतोय ते आधी शोधा, माझा संशय वाटसरू म्हणतात त्या भिंतीवर आहे.

अबोली२२

@तारयंत्र, ही काच अडकू शकते का? आमच्या एका कॅमेऱ्यात भर दुपारी सगळं गुलाबी-जांभळं दिसतं.

तारयंत्र

हो, लक्षण तेच आहे. ती काच रात्रीच्या जागी अडकून राहिली की दिवसा अवरक्तही आत येतं आणि रंग बिघडतात. डे-नाइट दोन-चार वेळा हाताने बदलून बघा, कधी कधी सुटते. नाही सुटली तर कॅमेरा दुरुस्तीला द्या, व्हाइट बॅलन्सने ते निघत नाही.

पाटीपेन्सिल

रंगांवरून आठवलं ते सांगते, कारण यात एका निर्दोष माणसाला त्रास होता होता राहिला.

आमच्या वाहनतळावर कुणीतरी गाडीची काच फोडली. रात्रीचं काळं-पांढरं चित्र बघून आम्ही सगळ्यांनी सांगितलं, ‘पांढऱ्यासारखा सदरा घातलेला माणूस’. त्या रात्री फिकट सदरा घालून आलेल्या एका मुलाला बोलावून विचारपूस झाली. बिचारा रडवेला झाला होता. नंतर माझ्या भावाने स्वतःचं काळं जाकीट घालून त्याच जागी उभं राहून दाखवलं. कॅमेऱ्यात ते जाकीट चक्क पांढुरकं दिसलं! कित्येक कापडं आणि रंग डोळ्यांना काळे दिसतात, पण अवरक्त प्रकाश परत फेकतात. सुती काळं वेगळं दिसतं, कृत्रिम धाग्याचं काळं वेगळं. त्या मुलाची आम्ही सगळ्यांनी जाऊन माफी मागितली.

तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते: अवरक्त चित्रातून कपड्याचा रंग सांगू नका. बांधा सांगा, चाल सांगा, कपड्याचा प्रकार सांगा.

निशाचर

पाटीपेन्सिल, हा प्रतिसाद प्रत्येक सोसायटीच्या फळ्यावर लावावा असा आहे. मी बसवून देताना हे सांगतच नव्हतो, आता सांगत जाईन.

झाडांचंही तसंच. हिरवी पानं अवरक्त भरपूर परत फेकतात. चौकटीत एखादी फांदी जवळ असली की रात्री ती चुन्यासारखी पांढरी होते. कॅमेरा तिच्यावरून एक्स्पोजर ठरवतो आणि मागचं सगळं अंधारात जातं. फांदी छाटा किंवा कॅमेरा वळवा.

मुंगीपाऊल

कोळिष्टकं विसरू नका! भिंगापासून दोन बोटांवर एक धागा असला तरी रात्री पांढरा दोरखंड दिसतो. वारा आला की हलतो आणि मोबाइलवर हालचालीच्या सूचना येत राहतात. एका रात्रीत मला १४३ सूचना आल्या होत्या. काठीला मऊ फडकं बांधून आठवड्याला एकदा पुसते. तेवढ्याने सूचना थांबल्या आणि चित्रही उजळलं.

दिवेलागण

ओसरीताईंच्या दिवसाच्या प्रश्नाकडे कुणी वळलं नाही म्हणून लिहितो. फाटकातला माणूस काळा दिसतो, कारण त्याच्या मागे रस्त्यावर लख्ख ऊन आहे. उन्हात सुमारे एक लाख लक्स उजेड असतो, छपराखालच्या सावलीत त्याचा अगदी लहानसा अंश. एका शटरमध्ये दोन्ही मावत नाहीत. त्यासाठी डब्ल्यूडीआर (वाइड डायनॅमिक रेंज) असतो. खरा डब्ल्यूडीआर एकाच दृश्याच्या लांब आणि आखूड अशा दोन किंवा जास्त चौकटी घेतो आणि जोडतो. पेटीवर १२० डेसिबल असा आकडा असेल तर बहुधा हा प्रकार. ‘डिजिटल डब्ल्यूडीआर’ म्हणजे फक्त अंधाऱ्या भागाला वर उचलणं, त्यातून मुंग्याही (चित्रातले वळवळणारे ठिपके) वर येतात. बीएलसी (बॅकलाइट कॉम्पेन्सेशन) हा त्याहून साधा उपाय: मधला भाग नीट दिसू दे, मागचा जळला तरी चालेल. फाटकासाठी कधी कधी तोही पुरतो.

डब्ल्यूडीआर लावा आणि चोवीस तास तसाच ठेवा.

निशाचर

शेवटच्या वाक्याशी असहमत. रात्री डब्ल्यूडीआर बंद. दोन वेगळ्या क्षणांच्या चौकटी जोडल्या की हलणाऱ्या माणसाच्या कडा दुहेरी येतात. आखूड चौकटीत रात्री काहीच नसतं, उरते ती लांब चौकट आणि तिच्या मुंग्या.

दिवेलागण

माझ्याकडे फाटकाबाहेर रस्त्याचा दिवा आहे. डब्ल्यूडीआर बंद केला तर त्या दिव्याखाली नुसता पांढरा डाग उरतो. म्हणजे रात्रीसुद्धा उजेडाचा फरक मोठा असेल तर लागतोच.

निशाचर

तुमच्या जागेसाठी बरोबर आहे, मी जरा सरसकट बोललो. चौकटीत दिवा असेल तर चालू ठेवून, माणूस चालवून बघा. नुसत्या अंधाऱ्या जागेत बंद. बहुतेक कॅमेऱ्यांत दिवसाची आणि रात्रीची सेटिंग्ज वेगवेगळी साठवता येतात. ते पान लोक उघडतच नाहीत आणि दिवसाची सेटिंग्ज रात्रीही तशीच चालू राहतात.

गाडीवान

मला चेहऱ्यापेक्षा गाडीचा नंबर हवा असतो. रात्री पाटी म्हणजे नुसता पांढरा आयत. एचएलसी (झगझगीत भाग दाबणारी सेटिंग) लावला, दिव्यांचा झगझगाट दबला, पण पाटी काही वाचता येईना.

तारयंत्र

पाटीचा पृष्ठभाग उजेड आला त्याच दिशेने परत पाठवणारा असतो. अवरक्त दिवे भिंगाशेजारीच, म्हणजे सगळा मारा थेट भिंगात. शटर १/५०० किंवा १/१००० करा. चित्र पार काळं होईल आणि पाटी त्यात ठळक वाचता येईल. त्यामुळे नंबरासाठी वेगळा कॅमेरा लागतो. चेहरा आणि पाटी रात्री एकाच सेटिंगमध्ये धरायला गेलात तर दोन्ही हातचे जातात.

अबोली२२

अवांतर: आमच्या जिन्यातल्या कॅमेऱ्यात आडवे पट्टे वर सरकत राहतात, त्यावर काही उपाय?

दिवेलागण

दिव्यांची लुकलुक. ५० हर्ट्झच्या विजेवर बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की प्रत्येक चौकटीत सारखाच उजेड येतो. कॅमेऱ्यात ६० हर्ट्झ निवडलेलं असणार, ते ५० करा. (वीज ६० हर्ट्झची असेल तिथे याच्या उलट, १/६० आणि १/१२०.)

अबोली२२

गेले पट्टे!! दोन वर्षं बघत होते मी ते. खूप खूप धन्यवाद.

ओसरी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवण झाल्यावर भावाला फोनवर घेऊन दोन तास बसले. तो तिकडे आईबाबांकडे, मी इकडे. कळलेलं सांगते.

वाटसरू आणि तारयंत्र, तुमचा संशय खरा निघाला. कॅमेरा छज्ज्याखाली आहे आणि चौकटीचा डावीकडचा जवळजवळ तिसरा हिस्सा म्हणजे कॅमेऱ्यापासून हातभर अंतरावरची पांढरी भिंत. रात्री ती झगझगीत पांढरी. भावाने कॅमेरा उजवीकडे वळवला, थोडा खाली केला आणि छज्ज्यापासून जरा पुढे आणला. भिंत चौकटीबाहेर गेली तसं धुकं एकदम कमी झालं. आज संध्याकाळी टकटक एकदाच झाली.

शटर आधी ‘आपोआप’ होतं, मर्यादा १/१२. आता १/५०. निशाचर, तुम्ही म्हणालात तसं चित्र काळवंडलं. भाऊ चालला तर कडा स्वच्छ, सावली ओढली जात नाही. पण फाटकापाशी चेहरा अंधारात, आणि कॅमेऱ्याच्या जवळ आला की परत पांढराफटक. आता?

निशाचर

आता उजेडाकडे वळा. उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो. कॅमेऱ्याच्या दिव्यांचा जेवढा उजेड १ मीटरवर पडतो त्याचा सोळावा हिस्सा ४ मीटरवर. म्हणून जवळचा चेहरा जळतो आणि फाटकातला दिसत नाही. ‘स्मार्ट आयआर’ चालू करा, माणूस जवळ आला की तो दिव्यांचा जोर उतरवतो. नसेल तर दिव्यांचा जोर हाताने कमी करा.

आणि फाटकाजवळ वेगळा उजेड द्या: अवरक्त दिवा किंवा साधा बल्ब. तो कॅमेऱ्याच्याच बाजूने, पण भिंगापासून दूर, थोडा तिरका पडेल असा लावा. माणसाच्या पाठीमागे लावलात तर नुसती काळी आकृती मिळेल. अगदी डोक्यावर लावलात तर डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतील. सारखा उजेड मिळाला की गेन खाली आणता येतो आणि मुंग्या जातात.

संगणकवेडा

मुंग्या गेल्या की आणखी एक फायदा होतो. प्रत्येक मुंगी म्हणजे चौकटीतला बदल, आणि व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धती, एच.२६४ काय, एच.२६५ काय, बदल साठवायलाच जागा खातात. माझ्याकडे गेन पूर्ण वर होता तेव्हा डिस्क ९ दिवसांत भरायची. बाहेर एक दिवा लावला, गेनला मर्यादा घातली, आता त्याच डिस्कवर १५ दिवस राहतात.

थ्रीडी डीएनआरने (डिजिटल नॉइज रिडक्शनने) मुंग्या पुसण्याचा मोह आवरा. तो मागच्यापुढच्या चौकटींची सरासरी काढून मुंग्या घालवतो, जास्त केला की हलणाऱ्या माणसाचा चेहराही त्याच सरासरीत विरघळतो. स्थिर चित्र बघून सगळे खूष होतात आणि वेळ आल्यावर फसतात. मी ४० च्या वर नेत नाही.

खिडकीतून

उंचीचंही बघा. आमचा पहिला कॅमेरा ४ मीटरवर होता, टोप्या आणि टकलं सुंदर दिसायची. अडीच मीटरवर आणल्यावर चेहरे दिसायला लागले. हात पोचेल ही भीती असते खरी, म्हणून एक उंचावर सगळं बघायला आणि एक खाली चेहऱ्यासाठी, अशी जोडी केली.

वाटसरू

यासाठी मोजमाप आहे. आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत मीटरला किती पिक्सेल हवेत ते दिलं होतं: अनोळखी माणसाची ओळख पटायला २५०, ओळखीचा माणूस ओळखायला १२५, कुणीतरी आहे एवढं कळायला २५. ४ मेगापिक्सेलचं चित्र २५६० पिक्सेल रुंद असतं. फाटकापाशी चौकटीत १० मीटर रुंदी मावत असेल तर २५६ मिळतात, २० मीटर मावत असेल तर १२८. दोन माणसं चौकटीच्या दोन कडांना उभी करा आणि त्यांच्यामधलं अंतर टेपने मोजा, पाच मिनिटांत कळेल. आकडा कमी आला तर सेटिंग्जशी झगडण्यात अर्थ नाही, भिंग बदला किंवा कॅमेरा जवळ न्या.

मुंगीपाऊल

आमचा कॅमेरा रोज रात्री बरोबर दिवे लागायच्या वेळी बंद पडून पुन्हा सुरू होतो. हे कशात बसतं?

तारयंत्र

वायरीत. अवरक्त दिवे लागले की कॅमेरा जास्त वीज ओढतो. वायर लांब आणि बारीक असेल तर १२ व्होल्टचे शेवटी १० उरतात आणि कॅमेरा दम तोडतो. पुरवठा कॅमेऱ्याजवळ आणा किंवा जाड वायर घाला.

खिडकीतून

एक विनंती सगळ्यांना. कॅमेरा वळवताना शेजाऱ्याची खिडकी, अंगण चौकटीत येत असेल तर ‘प्रायव्हसी मास्क’ने तेवढा भाग झाका. दोन मिनिटांचं काम आहे.

दीपमाळ

रस्त्यावर जाऊन बघितलं. दिवा समोरच्या गॅलरीत जात होता. खाली वळवला आणि जोर ४० केला, चित्रात फरक पडला नाही. @खिडकीतून, धन्यवाद.

ओसरी

आज चौथी रात्र. फाटकाच्या आतल्या बाजूला, कॅमेऱ्यापासून तीन मीटर दूर, ८५० चा वेगळा दिवा लावला. स्मार्ट आयआर चालू. शटर १/५०, गेनला मर्यादा, डीएनआर ३५, ते तिन्ही आकडे ५० वर. रात्री डब्ल्यूडीआर बंद, दिवसा चालू. रुंदी मोजली, फाटकापाशी ९ मीटर, म्हणजे मीटरला २८४.

भाऊ तीनदा चालत आला: एकदा हळू, एकदा झपझप, एकदा मान खाली घालून. पहिल्या दोन वेळा चेहरा स्पष्ट. चश्म्याची दांडी दिसते, कपाळावरची लहानपणची खोक दिसते. बाबा कितीतरी वेळ ते चित्र थांबवून बघत होते. मग म्हणाले, “दिवसाही दाखव.” दिवसाचंही बघितलं, फाटकातला माणूस आता काळा नाही.

मान खाली घातली तेव्हा मात्र नाही दिसलं. खिडकीतून म्हणतात तशी जोडी करायचा विचार आहे.

निशाचर

फार बरं वाटलं. बाबांना नमस्कार सांगा.

वाटसरू

एवढं केलंत तर घड्याळही बघून घ्या. रेकॉर्डर इंटरनेटला जोडलेला नसेल तर वेळ हळूहळू सरकते, आणि चौकशीत वेळच आधी विचारतात. एनटीपी (इंटरनेटवरून वेळ घेण्याची सोय) चालू केलं की आपोआप जुळते.

ओसरी

वाटसरू, आत्ताच बघितलं. रेकॉर्डरचं घड्याळ १७ मिनिटं मागे आहे.

म्हणजे तो माणूस २ वाजून ३१ मिनिटांनी नाही, पावणेतीनच्या पुढे आला होता. आणि काकूंच्या कॅमेऱ्यात आम्ही अडीचच्या आसपासच शोधत बसलो! त्यांच्या दारात रात्रभर दिवा असतो. आत्ता त्यांना फोन केला. त्यांची डिस्क पंधरा दिवस ठेवते आणि आज तेरावा आहे. भाऊ पेनड्राइव्ह घेऊन तिकडे निघालाय.